उपकेंद्रावरची टीम कशी जमवायची: नवीन सिस्टर (आरोग्य सेविका) आणि सीएचओंसाठी (समुदाय आरोग्य अधिकारी)

उपकेंद्राची ऑर्डर हातात पडली की सगळे जण रजिस्टरं समजावून सांगतात, आरसीएच पोर्टल (माता-बाल आरोग्याची ऑनलाइन नोंद) कसं भरायचं, कोणता रिपोर्ट किती तारखेला जातो, यू-विनचं (लसीकरणाची ऑनलाइन नोंद) लॉगिन कोणाकडून घ्यायचं वगैरे. पण ज्या आठ-दहा माणसांच्या भरवशावर ती रजिस्टरं भरली जातात त्यांच्याशी जमवून कसं घ्यायचं हे कोणी सांगत नाही. ट्रेनिंगमध्ये टीमवर्क नावाची एक स्लाइड येते, त्यावर हातात हात घातलेल्या माणसांचं चित्र असतं, आणि मग जेवणाची सुट्टी होते. म्हणून हे लिहितेय. महाराष्ट्रातल्या ग्रामीण उपकेंद्राच्या हिशोबाने लिहितेय, शहरातल्या हेल्थ पोस्टला माणसं वेगळी असतात पण बरंचसं तिथेही चालेल.

आमच्या खात्यात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाक्य कोणतं असेल तर "मी कळवलं होतं". आशाने सिस्टरला कळवलं, सिस्टरने एमओ सरांना (प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर) कळवलं, सरांनी चिठ्ठी लिहून ग्रामीण रुग्णालयात पाठवलं आणि बाई अजून घरीच. प्रत्येकाने आपापलं काम केलंय, नोंद पण आहे, फक्त बाईला उपचार मिळालेले नाहीत. तर बाकी काही नाही लक्षात राहिलं तरी एवढं ठेवा, जोखमीच्या प्रत्येक पेशंटपुढे दोन नावं लिहायची, पुढचं काम कोण करणार आणि ते झालं का हे कोण बघणार. पदं लिहायची नाहीत, नावं लिहायची. "आशा" असं लिहिलं तर चार आशांपैकी कोणीच जात नाही.

आधी कोण कोणाचं ते समजून घ्या

ही टीम कोणी एकदम बसून बनवलेली नाही, ती थराथराने साचत गेलीय. 1973 साली कर्तारसिंग समितीने सांगितलं की मलेरियाचा वेगळा, देवीचा वेगळा, कुटुंब नियोजनाचा वेगळा असे कर्मचारी नकोत, एकच बहुउद्देशीय कर्मचारी ठेवा, त्यातून आरोग्य सेवक आणि आरोग्य सेविका आले. 2 ऑक्टोबर 1975 ला आयसीडीएस (एकात्मिक बालविकास योजना) सुरू झालं, अंगणवाडी आली, पण ती महिला व बालविकासची. 2005 ला एनआरएचएममधून (राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान) आशा आली. 2018 पासून सीएचओ आले. आता सपाटीच्या भागात पाच हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, त्यात ही सगळी माणसं, आणि गंमत अशी की प्रत्येकाचा साहेब वेगळा. आशाची गटप्रवर्तक, अंगणवाडीताईंची पर्यवेक्षिका आणि वर सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी), तुमची आरोग्य सहाय्यिका आणि वर एमओ, एसटीएस (टीबीच्या उपचारावर देखरेख ठेवणारा) टीबीच्या युनिटचा, आरबीएसकेची (मुलांची तपासणी करणारं पथक) गाडी तालुक्याची. म्हणजे तुमचा कोणावरही थेट हुकूम चालत नाही. हे पहिल्या दिवशी मान्य केलं तर पुढचा निम्मा मनस्ताप वाचतो, कारण मग तुम्ही ऑर्डर सोडत नाही, ठरवून घेता.

आशाच्या बाबतीत एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही, ती म्हणजे पैसे. तिला पगार नाही, मानधन आणि कामावर आधारित मोबदला आहे. नवजात बाळाच्या गृहभेटी, दवाखान्यातली डिलिव्हरी असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा, त्या सगळ्या पूर्ण झाल्या की 250 रुपये. (या गृहभेटींची कल्पना आपल्याच गडचिरोलीची बरं का, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेमधली, 1999 ला लॅन्सेटमध्ये छापून आली आणि पुढे देशभर गेली.) त्या फॉर्मवर तुमची सही लागते. ती सही तुम्ही "पुढच्या आठवड्यात बघू" करत राहिलात तर तिचा क्लेम महिनाभर पुढे जातो, आणि मग तिने रात्री दोनला बाईला घेऊन तुमच्या दारात यावं ही अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची? क्लेमसाठी महिन्यातला एक दिवस ठरवून टाका, त्या दिवशी दुसरं काही नाही, फॉर्म बघायचे, शंका असेल तर त्या घरी फोन लावून खात्री करायची आणि सही करून मोकळं व्हायचं. खोट्या भेटीवर सही करायची नाही हेही त्याच दिवशी, सगळ्यांसमोर नाही, एकटीला बाजूला घेऊन सांगायचं.

आणि हाक मारताना "ए आशा" नको. तिचं नाव आहे. गावासमोर तुम्ही तिला जशी हाक मारता तसाच गाव तिचा सल्ला ऐकतो.

सिस्टर आणि सीएचओ, हे जरा स्पष्टच

उपकेंद्राचं हेल्थ अँड वेलनेस सेंटर झालं, आता पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर आहे, आणि सीएचओ आले. आपल्याकडे बरेचसे बीएएमएस, काही बीएस्सी नर्सिंग, वर सहा महिन्यांचा कोर्स. इथे जी कुरबुर होते ती सगळ्यांना माहितीय. सिस्टर वीस वर्षं जुनी, गावातल्या निम्म्या पोरांना पहिली सुई तिनेच टोचलेली. सीएचओ पंचविशीतली, कंत्राटी, पण हुद्द्याने वर. हिला वाटतं कालची आलेली मला शिकवणार, तिला वाटतं पेशंट माझ्या टेबलासमोरून सिस्टरकडे जातात आणि मला कोणी विचारत नाही. दोघींचंही खरं असतं.

यावर उपाय म्हणजे कामाची वाटणी कागदावर करणं, आणि ती सुद्धा मोघम नाही. ओपीडी, तीस वर्षांवरच्यांचं बीपी-शुगर, तोंडाच्या-स्तनाच्या कॅन्सरची तपासणी, ई-संजीवनीवरून ऑनलाइन मोठ्या डॉक्टरांना दाखवणं हे सीएचओचं. गरोदर मातांची नोंदणी-तपासणी, लसीकरण, कुटुंब नियोजन सिस्टरचं. इथपर्यंत सोपं आहे, भांडण मधल्या जागेत होतं. गरोदर बाईला बीपी निघालं तर ती कोणाची? बाळंतिणीला ताप आला तर? अशी पाच-सहा मधली कामं काढा आणि प्रत्येकाला नाव लावा. माझं मत विचाराल तर गरोदर बाईची दोरी सिस्टरच्याच हातात राहू द्या, सीएचओने तपासावं, सल्ला द्यावा, टेलिकन्सल्ट करावं, पण पुढच्या तारखेला आली का हे सिस्टर बघणार. एका बाईच्या मागे दोन मालकिणी असल्या की ती सुटते.

सीएचओला कामगिरीवर आधारित मोबदला मिळतो आणि ज्या आकड्यांवर तो ठरतो त्यातले बरेच आकडे सिस्टर, आरोग्य सेवक आणि आशांच्या पायपिटीतून येतात. त्या सगळ्यांसाठीसुद्धा टीमचा म्हणून मोबदला आहे. सीएचओ ताई-भाऊंनी हे आकडे लपवून ठेवू नयेत, महिन्याला सगळ्यांसमोर उघडून दाखवावेत, कोणता कमी पडला, का पडला. नाहीतर गावात चर्चा होतेच, आणि ती चुकीच्या आकड्यांवर होते.

पेशंटसमोर एकमेकींना खोडायचं नाही हा नियम दोघींनी पाळायचा. सिस्टरने दिलेली गोळी सीएचओला पटली नाही तर "थांबा, मी सिस्टरशी बोलते" एवढंच, आतल्या खोलीत जाऊन काय ते बोला.

तीन वह्या, एक टेबल

आता खरं काम. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार काढा आणि आशा, अंगणवाडीताई आणि तुम्ही एकाच टेबलावर बसा. तुमचं आरसीएच रजिस्टर, आशाची डायरी आणि अंगणवाडीताईंचा पोषण ट्रॅकर अ‍ॅपचा मोबाईल. गावातल्या गरोदर माता मोजा. समजा तुमच्याकडे 14, आशाकडे 16, अंगणवाडीत 11 निघाल्या. बहुतेक ठिकाणी इथे वाद सुरू होतो की कोणाचं खरं. वाद नको, एकेक नाव वाचा. दोघी माहेरी गेल्यात, एकीचं नाव आधारवर माहेरचं आणि तुमच्याकडे सासरचं म्हणून दोनदा आलंय, एक दुसऱ्या गावाहून इथे बाळंतपणाला आलीय तिचं अंगणवाडीत नावच नाही म्हणून तिला आहार मिळत नाही, आणि एक आहे जिला दुसरा महिना आहे पण तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही, शेजारी म्हणून फक्त आशाला माहितीय. ही शेवटची बाई कुठल्याच पोर्टलवर नसते. ती फक्त या टेबलावर सापडते. म्हणून ही बैठक फोनवर किंवा ग्रुपवर उरकायची नाही.

माहेरचा प्रश्न वेगळा सांगते कारण इथे भलेभले चुकतात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की मुलगी जाते, तुमच्या रजिस्टरला "माहेरी गेली" अशी नोंद होते आणि तिकडच्या सिस्टरला पत्ताच नसतो, नवव्या महिन्यात थेट पोटात दुखायला लागल्यावर कळतं. तर पाचव्या महिन्याच्या तपासणीलाच विचारून ठेवा, माहेर कोणतं, तिथली आशा कोण. आपली आशा तिकडच्या आशाला फोन लावेल, नंबर एमसीपी (माता-बाल संरक्षण) कार्डाच्या मागच्या पानावर लिहायचा. जाताना कार्ड सोबत, आयर्नच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दोन महिन्यांच्या सोबत. आणि तिकडून फोन आल्याशिवाय आपल्या यादीतून नाव खोडायचं नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं असंच. बीड वगैरे भागातून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि पार कर्नाटकात जातात. निघायच्या आधीच्या आठवड्यात लसीकरणाचं जादा सत्र लावा, कार्ड हातात द्या, आणि मुकादमाचा नंबर घ्या. बाईकडे फोन नसतो किंवा नवऱ्याकडे असतो, पण मुकादमाचा लागतो.

तिघींचा सल्ला एकच हवा. आशा सांगते लोहाची गोळी जेवणाआधी, अंगणवाडीताई सांगतात जेवणानंतर, सिस्टर सांगते रात्री झोपताना, मग बाई काय करते? गोळ्या मडक्यामागे ठेवून देते. त्याच टेबलावर ठरवा, एकच वाक्य ठरवा. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घ्यायचं नाही, चहाबरोबर लोह नाही, शौचाला काळी झाली तर घाबरायचं नाही. आणि सासूबाईंना पण तेच वाक्य, कारण गोळी त्यांच्या परवानगीने घेतली जाते.

पीएचसीवरचे (प्राथमिक आरोग्य केंद्र) दोघे ज्यांना कोणी विचारत नाही

लॅब टेक्निशियन आणि फार्मासिस्ट. एलटींना विचारा थुंकीचे नमुने कोणत्या दिवशी आणि किती वाजेपर्यंत आणलेले चालतात, डबीवर नाव नीट लिहा, झाकण घट्ट लावा. साध्या गोष्टी आहेत पण गळकी डबी आली की नमुना वाया आणि पेशंट परत येत नाही. विदर्भ, नंदुरबारकडच्यांनी सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झालीय का हे एलटींकडून नावानिशी घ्या, सारखं रक्त कमी भरणाऱ्या बाईला नुसतं लोह वाढवत बसण्याआधी हे माहीत हवं. फार्मासिस्टना गोळ्या संपल्यावर नाही, पंधरा दिवसांचा साठा उरल्यावर सांगा. एवढंच. हे दोघे खूश असले की तुमची कामं अर्ध्या वेळात होतात.

एमओ सरांना फोन कसा करायचा

बऱ्याच सिस्टर फोन करायला घाबरतात आणि घाबरल्या की गोल गोल बोलतात. "सर, एक पेशंट आहे, तिला बरं वाटत नाहीये, बीपी जरा वाढलंय, काय करू?" सर तालुक्याच्या मीटिंगला, मागे टीएचओंचा (तालुका आरोग्य अधिकारी) आवाज, ते म्हणतात "बरं, पाठवून द्या", आणि फोन बंद. कुठे पाठवू, कशाने, काय देऊन, काहीच ठरलं नाही.

त्याऐवजी असं बोला. "सर, उपकेंद्रातून सिस्टर बोलतेय, इमर्जन्सी आहे. बावीस वर्षांची पहिलटकरीण, नववा महिना. बीपी 160/110, पंधरा मिनिटांनी परत घेतलं, तेवढंच आहे. डोकं ठणकतंय, डोळ्यापुढे अंधारी येतेय, चेहऱ्यावर सूज, लघवीत प्रोटीन तीन प्लस. झटका आलेला नाही पण येईल असं मला वाटतंय. 108 ला कळवलंय, चाळीस मिनिटं लागतील म्हणतात. मॅगसल्फचा पहिला डोस इथे देऊ का, आणि ग्रामीण रुग्णालयात पाठवू की थेट जिल्ह्याला?"

पाऊण मिनिटाचा फोन आहे. (मॅगसल्फ म्हणजे झटका रोखणारं इंजेक्शन.) आधी कोण आणि काय चाललंय, मग मागचं थोडक्यात, मग तुम्हाला काय वाटतं, मग तुम्हाला काय हवंय. याला एसबीएआर म्हणतात, मूळ अमेरिकन नौदलातल्या पाणबुडीवाल्यांची पद्धत, तिथून दवाखान्यात आली. "मला वाटतं" हा भाग गाळू नका, नर्सने निदान बोलायचं नाही असं आपल्याला कॉलेजपासून शिकवलंय पण समोर बाई तुम्हाला दिसतेय, सरांना नाही. सर जे सांगतील ते परत म्हणून दाखवा, "म्हणजे सर, डोस देऊन जिल्ह्याला पाठवते, सोबत आशा जातेय, बरोबर?" आणि वेळ लिहून ठेवा.

सर म्हणाले "काही नाही होत, उद्या आणा" आणि तुमचं मन मानत नसेल तर? एकदा परत आकडे सांगून म्हणा, "सर, मला काळजी वाटतेय, हिला थांबवणं बरोबर वाटत नाही." बहुतेक डॉक्टर हे ऐकून जागे होतात. नाहीच झाले तर 108 बोलवा आणि पाठवा. जीवावरच्या प्रसंगात रेफर करायला कोणाची सही लागत नाही, आणि 2011 पासून जेएसएसकेमध्ये (जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम) गरोदर मातेची, बाळंतिणीची जायची-यायची गाडी, औषध, रक्त सगळं मोफत आहे.

अजून एक फोन करायचाच, तो पुढच्या दवाखान्यातल्या लेबर रूमच्या सिस्टरला. तिला विचारा आज भूलतज्ज्ञ आहेत का, रक्त आहे का. पाटीवर सगळी सोय लिहिलेली असते आणि रात्री तिथे गेल्यावर कळतं की भूल द्यायला कोणी नाही, मग तिथून पुन्हा पुढे. मातामृत्यूच्या अभ्यासात थॅडियस आणि मेन यांनी 1994 ला तीन उशीर सांगितले, ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. आपल्या टीमच्या भाषेत बघा, पहिला उशीर आशा आणि सासू मिळून तोडतात, दुसरा 108 आणि तुम्ही, आणि तिसरा हा एक फोन तोडतो. तिन्ही उशीर एकाच माणसाच्या हातात कधीच नसतात.

पाठवलं ते परत आलं का

रेफर करताना सगळे जागरूक असतात, परत येताना कोणी नसतं. उदाहरण कुपोषित बाळाचं घ्या कारण त्यात सगळी टीमच लागते.

दीड वर्षाचं पोर, अंगणवाडीत ताईंनी दंडाला पट्टी लावली, लाल आली, म्हणजे 11.5 सेंटीमीटरच्या आत. ताईंनी पायावर अंगठा दाबून सूज बघितली, तुम्हाला सांगितलं. सीएचओने ताप, खोकला, जुलाब बघितले, भूक आहे का बघितलं. भूक चांगली आणि दुसरं काही नसेल तर गावातच व्हीसीडीसी (ग्राम बालविकास केंद्र), ते अंगणवाडीताई चालवतात, तुम्ही आठवड्याला तपासायचं. भूक नाही, सूज आहे, आजारी आहे तर एनआरसी (पोषण पुनर्वसन केंद्र), म्हणजे साधारण चौदा दिवस आईने बाळाला घेऊन दवाखान्यात राहायचं.

आणि आई नाही म्हणते. इथे आपण लगेच "आई ऐकत नाही, समुपदेशन केले" असं लिहून मोकळे होतो. अहो ती का नाही म्हणते ते विचारा. घरी चार वर्षांची मोठी मुलगी आहे, तिला कोण बघणार? म्हैस कोण बघणार? नवरा म्हणतो मजुरी बुडते. आता हे सोडवणं डॉक्टरांचं काम नाही, पण टीमचं आहे. मोठी मुलगी दिवसभर अंगणवाडीत, मदतनीस ताई संध्याकाळी आजीकडे सोडतील. बुडीत मजुरी मिळते हे नवऱ्याला आरोग्य सेवक भाऊंनी सांगायचं, पुरुषाशी पुरुष बोलला की फरक पडतो, पटो न पटो पण पडतो. पालघर-नंदुरबारकडे भगत, मेळघाटात भूमका (गावठी उपचार करणारा), त्याचा शब्द चालत असेल तर त्यालाही सोबत घ्या, त्याच्याशी भांडून बाळ दवाखान्यात येत नाही. आशा पहिल्या दिवशी सोबत जाऊन आहारतज्ज्ञ मॅडमशी गाठ घालून देईल.

चौदा दिवसांनी बाळ वजन घेऊन घरी येतं. डिस्चार्ज कार्ड कुठे असतं? आईच्या कापडी पिशवीत, आधार कार्डाच्या झेरॉक्ससोबत घडी घालून. त्यावर लिहिलेलं असतं की दर पंधरा दिवसांनी अशा चार वेळा परत दाखवायचं, आणि ते वाचणारं घरात कोणी नसतं. म्हणून एनआरसीच्या सिस्टरशी आधीच बोलून ठेवा की डिस्चार्जच्या दिवशी मला एक फोन करा. दुसऱ्या दिवशी आशा घरी, कार्ड काढून चारही तारखा अंगणवाडीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायच्या, बाळाचं नाव न लिहिता, खूण करून. तुमच्या वहीत दोन नावं, नेणार आशा, विचारणार तुम्ही. चौथी भेट होईपर्यंत ती ओळ बंद करायची नाही. बाळ पुन्हा घसरतं ते याच दोन महिन्यांत.

टीबीच्या पेशंटला हीच पद्धत, फक्त माणसं बदलतात, एसटीएस, एलटी, आशा आणि पेशंट खासगी डॉक्टरांकडे जात असेल तर तेही. निक्षय पोषणचे (टीबी पेशंटच्या आहाराचे) पैसे, नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला हजार, ते खात्यात आले का हे एसटीएसला विचारत राहा. घरातल्या बाकीच्यांची तपासणी मात्र तुमच्याच यादीत ठेवा, ती सगळ्यांची म्हणून कोणाचीच होत नाही.

ग्रुपवर काय टाकायचं

सत्राची वेळ बदलली, लस आली, गाडी पंक्चर झाली, हे सगळं टाका. पेशंटचं नाव, कार्डाचा फोटो, रिपोर्ट टाकू नका, त्या ग्रुपमध्ये सरपंचांचा पुतण्या पण असतो. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 चा कायदाच आहे, संमतीशिवाय उघड करायचं नाही, टीममधल्या प्रत्येकाला कळायलाच हवं असंही नाही, ज्याला काम करायचंय त्यालाच. अठरा वर्षांखालची मुलगी गरोदर निघाली तर ग्रुपवर नाही, फोनवरही फार नाही, थेट एमओंसमोर जाऊन बोला. आणि ग्रुपवर टाकलेला निरोप म्हणजे दिलेला निरोप नाही. अंगठा आला म्हणजे बघितलं, करणार का ते माहीत नाही. जोखमीचं असेल तर फोन.

वाद झाला तर

होणारच. मासिक सभेत एमओंसमोर "आशा काम करत नाही" म्हणायचा मोह आवरा. आधी तिच्या घरी जा, चहा घ्या, नेमकं एक काम घेऊन बोला, "शनिवारच्या सत्राला वस्तीवरची चार बाळं आली नाहीत, काय झालं?" बरेचदा कारण निघतं, गेल्या वेळी लसीनंतर एकाला ताप आला आणि वस्तीवाले चिडलेत. मग तो आशाचा दोष राहत नाही, वस्तीवर तुम्ही, सीएचओ आणि भाऊ मिळून जायचं काम होतं. मातामृत्यू किंवा बालमृत्यूच्या अन्वेषणात तर हे फारच सांभाळा. कोणाची चूक हे शोधायला बसलात की सगळे वह्या दुरुस्त करून आणतात आणि खरं काय झालं ते कधीच कळत नाही.

रजेवर जाताना

बाळंतपणाची रजा असो, बदली असो नाहीतर लग्नाची चार दिवसांची सुट्टी, शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरला चार्ज देताना किल्ली आणि आयएलआरमधून (लसीचा फ्रिज) येणाऱ्या लसीचा हिशोब एवढंच देऊन जाऊ नका. एका कागदावर पुढच्या महिन्यात डिलिव्हरी होणाऱ्या जोखमीच्या माता, एनआरसीतून आलेली बाळं, टीबीचे पेशंट, आणि प्रत्येकापुढे ती दोन नावं. तुमचं नाव जिथे आहे तिथे खोडून तिचं लिहा, तिच्यासमोर बसून लिहा, आणि एकदा तिला घेऊन आशांकडे फिरून या. आशांनाही सांगा की रात्री फोन आता हिला करायचा. कागदाचा एक फोटो सीएचओकडे ठेवा, एक एमओंच्या टेबलावर. आणि स्वतःचा फोन पहिल्या आठवड्यात बंद करू नका, तेवढ्यात कोणीतरी जुन्या नंबरला लावतंच.